रूपदर्शक ते नाणेपारखी : चांदीच्या जुन्या रुपयांची परीक्षा

नाण्यांची पारख ही भारतवर्षाला नवी विद्या नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवरील ‘लक्षणाध्यक्षा’च्या जोडीस नाणी तपासणारा ‘रूपदर्शक’ हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. वात्स्यायनाने गणलेल्या चौसष्ट कलांत ‘रूप्यरत्नपरीक्षा’ येते. मराठेशाहीत हे काम पोतदाराकडे असे, आणि त्याची आठवण कित्येक घराण्यांच्या आडनावात आजही टिकून आहे. तथापि त्या जुन्या पारख्याचा प्रश्न आणि आजच्या नाणेसंग्राहकाचा प्रश्न एक नव्हे. पूर्वीचा पारखी विचारी, ‘यात चांदी किती?’ आजचा विचारतो, ‘टांकसाळीतून निघताना या नाण्याचे जे रूप होते, त्यातले किती उरले?’

पहिल्या प्रश्नाला जुन्या काळी मोठे महत्त्व होते. मोगल अमदानीत ताज्या छापाचा रुपया ‘सिक्का’, थोडा जुना झालेला ‘चलनी’ आणि मागील राजवटींतला ‘खजाना’ म्हणून ओळखला जाई. जुन्या नाण्यावर सराफ बट्टा कापून घेत, मग ते फारसे झिजलेले नसले तरीही. नाणे आतून तांब्याचे तर नाही ना, हे पाहण्यासाठी त्यावर बारीक पोगराने खूण उमटवीत. अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना प्रकारचे रुपये एकाच बाजारात फिरत असल्यामुळे सराफावाचून पान हलत नसे. या बट्ट्याला आळा घालण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने नाण्यांवर शाह आलम बादशहाचे एकच जुलूस वर्ष कायम ठेवण्याची युक्ती काढली. बंगालच्या रुपयावर १९ सन, तर सुरती रुपयावर ४६ सन वर्षानुवर्षे छापले गेले. अखेरीस १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन, म्हणजे नेमका एक तोळा वजनाचा व बारा भागांत अकरा भाग चांदीचा एकच रुपया कंपनीच्या सर्व मुलखात रूढ झाला.

गोव्याचा रुपयाही लवकरच या मापात बसला. ब्रिटिश व पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली झालेल्या करारानुसार १८८१ व १८८२ या वर्षांचे, राजा लुईश पहिला याच्या मुद्रेचे चांदीचे रुपये निघाले. त्यांचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे ब्रिटिश रुपयाइतकेच. सोबत अर्धा, पाव व अष्टमांश रुपयाही होता. करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. पुढे प्रजासत्ताकाच्या काळात १९१२ व १९३५ चे रुपये निघाले, आणि १९४७ च्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. ब्रिटिश हिंदुस्थानात ही घट १९४० सालीच झाली होती.

आता दुसरा प्रश्न. नाण्याची प्रत ठरविण्याची विद्या ग्रंथापेक्षा डोळ्यांनी अधिक येते. एकाच राजाचे पाच-सहा रुपये घ्यावेत आणि अधिक झिजलेल्यापासून कमी झिजलेल्यापर्यंत ओळीने मांडावेत. नाणे कडेने धरावे, प्रकाश तिरपा पडू द्यावा आणि भिंगातून प्रथम सर्वांत उंच भाग पाहावेत, कारण झीज तेथूनच सुरू होते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर मुकुट, केस व वस्त्रावरील नक्षी, सातव्या एडवर्डच्या रुपयावर कानावरचे केस व दाढी, लुईशच्या रुपयावर केस आणि मागील बाजूच्या राजचिन्हातील पाच लहान ढालींवरचे ठिपके, ही तपासण्याची स्थाने होत. ते ठिपके सुटे मोजता आले तर नाणे फार हातांतून गेलेले नाही असे समजावे.

संग्राहकांत रूढ असलेली इंग्रजी प्रतवारी मात्र नवशिक्यास चकविते. ‘गुड’ म्हणजे चांगले नव्हे. ज्याची केवळ बाह्याकृती व अक्षरे उरली आहेत असे बरेच झिजलेले ते नाणे. ‘फाइन’मध्ये अक्षरे स्पष्ट, पण बारीक नक्षी बरीच गेलेली असते. ‘व्हेरी फाइन’ व ‘एक्स्ट्रीमली फाइन’मध्ये ती क्रमाने अधिक टिकलेली असते. ‘अनसर्क्युलेटेड’वर झीज मुळीच नसते आणि नाणे फिरविले की टांकसाळीची झळाळी चक्राच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसते. अमेरिकेत शेल्डन यांनी १९४९ मध्ये तेथील तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी गुणश्रेणी मांडली. पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली.

उणीव दिसली की ती झीजच, असेही मानू नये. ठसा हलका बसला असेल तर उंच भाग अस्पष्ट असूनही झळाळी शाबूत राहते. हाताने पाडलेल्या मोगल व मराठी रुपयांचा ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे अर्धी अक्षरे मुळातच बाहेर राहात. सराफाची खूण आजच्या प्रतवारीत दोष ठरते, पण इतिहासाच्या दृष्टीने ती त्या नाण्याने केलेल्या प्रवासाची मोहोरच होय.

खरी हानी झीज करीत नाही, ती करतो आपला हात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाचे रुपये चिंच-राखेने लख्ख घासण्याची चाल घरोघरी होती व आहे. त्यामागील भाव शुद्धच. परंतु घासलेल्या रुपयावर असंख्य सूक्ष्म ओरखडे उठतात, झळाळी जाते, आणि शंभर वर्षांत चांदीवर चढलेली काळसर-निळी छटा एका घटकेत पुसली जाते. ती पुन्हा आणता येत नाही. माळेसाठी डाक दिलेली कडी काढली तरी तिचा डाग कडेवर राहतो. पूजेस पाणी, गंध व फूल पुरेसे आहे. ठेवण्यास मऊ कागदाची पुडी उत्तम. रबराने मात्र नाणी कधीही बांधू नयेत, त्यातील गंधकाने चांदी काळी पडते.

श्रींच्या भांडारात वा कुळाच्या पेटीत आलेली जुनी नाणी बहुधा तोळ्यांत मोजली जातात, आणि प्रभावळ किंवा पालखीच्या कामासाठी आटविताना वजनच पाहिले जाते. आटविलेल्या चांदीचे मोल उरते, पण कोणी केव्हा काय वाहिले याची साक्ष उरत नाही. यास्तव वजनाच्या रकान्याशेजारी राजा, साल, टांकसाळीची खूण आणि प्रत एवढे चार रकाने वहीत वाढले, तर फारसा खर्च न होता मोठे काम साधेल. गुळगुळीत झालेला रुपया बाजारात कमी किमतीचा असेल, पण तो ज्या शेकडो हातांतून देवापुढे आला, त्या हातांची नोंद त्याच्या झिजेतच आहे. ती वाचणारा रूपदर्शक महाजनांच्या घरांतूनच पुढे यावा, हे उचित होय.