तयार संगणक की जुळविलेला?

मुंबई-गोवा महामार्गाने पेण गाठले की गावाला लागूनच रामवाडी लागते. राज्य परिवहनाच्या रायगड विभागाची कचेरी तेथे असल्यामुळे एसटीच्या गाड्यांची ये-जा हे रामवाडीचे नित्याचे दृश्य आहे. ह्या गाड्यांविषयीची एक गोष्ट मात्र प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, ती बेडफर्ड ह्या विलायती बनावटीची होती. पुढे टाटा व अशोक लेलँड यांच्याकडून इंजीन आणि चाके बसविलेली नुसती चासी विकत घ्यावयाची व तिच्यावर दापोडीसारख्या आपल्या कार्यशाळेत स्वतःच्या सोयीची बॉडी बांधावयाची, असा प्रघात महामंडळाने अनेक वर्षे चालविला. अलीकडे पूर्ण बांधलेल्या गाड्या थेट कारखानदाराकडून घेण्याचा मार्गही अवलंबिण्यात आला आहे. तेव्हा एखादी गाडी ‘घरी बांधलेली’ म्हणावयाची ती कोणत्या अर्थाने? तिचे इंजीन परक्याचे. पण तिची बाके, खिडक्या आणि पत्रा कोठे कसा जोडला आहे, हे दापोडीच्या कारागिराला डोळे मिटून ठाऊक असे.

हीच निवड आता लहान प्रमाणावर घरोघरी येऊन ठेपली आहे. रामवाडीतल्या एखाद्या कुटुंबात मुलाला संगणकावर खेळ खेळण्याजोगे दमदार यंत्र हवे असते. बाजारात ते दोन प्रकारांनी मिळते. एक, कंपनीने जुळवून, तपासून, खोक्यात घालून पाठविलेले. दुसरे, प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड इत्यादी सुटे भाग आणून जुळविलेले. यंत्र चांगले हवे असेल तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो, आणि मध्यम स्थितीच्या घरात ही रक्कम सहजासहजी उचलून देता येत नाही. मुलगा म्हणतो, “सुटे भाग घेऊ, स्वस्त पडेल.” वडील म्हणतात, “उद्या बिघडला तर कोणाच्या दारात जायचे?” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. हाच प्रश्न मुंबईत सत्तर वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि तो ज्यांच्यापुढे उभा राहिला तेही ह्या विद्येत नवशिकेच होते.

१९५५ साल उजाडले तेव्हा भारतात एकही अंकीय संगणक नव्हता. त्या वर्षी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने, म्हणजे प्रा. महालनोबीस यांच्या संस्थेने, तयार यंत्राचा मार्ग पत्करला व इंग्लंडहून एचईसी-२एम नावाचा संगणक आणविला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र होमी भाभा यांच्या प्रोत्साहनाने निराळाच विचार चालला होता. अमेरिकेत विद्युत-अभियांत्रिकी व गणित शिकलेले रंगस्वामी नरसिंहन १९५४ साली तेथे दाखल झाले आणि त्यांच्याभोवती तरुणांचा एक लहानसा गट जमला. हे तरुण भौतिकशास्त्र शिकलेले, इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेले; परंतु त्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी कधी संगणक वापरलेलाही नव्हता. ह्या मंडळींनी संगणक बांधावयास घेतला.

बांधावयास घेतला, म्हणजे शून्यातून निर्माण केला असे नव्हे. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे जॉन फॉन नॉयमान यांच्या देखरेखीखाली झालेल्या यंत्राची मांडणी प्रसिद्ध झालेली होती. मुंबईच्या यंत्राचा आराखडा त्याच घराण्यातला. पूर्ण यंत्राला हात घालण्यापूर्वी ह्या गटाने एक छोटे प्रायोगिक यंत्र उभे केले व ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. पहिल्या डावातच मोठी उडी न घेण्याचा हा शहाणपणा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मग मोठे यंत्र आले. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक अठरा फूट लांब व आठ फूट उंच पोलादी सांगाड्यात बसविण्यात आले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द चाळीस अंशांचा. आजच्या परिभाषेत ती जेमतेम दहा किलोबाइट भरते. खेळातील एका झाडाचे चित्रही तेवढ्यात मावणार नाही. आणखी एक मौजेची गोष्ट अशी की, आलेख पाहण्यासाठी ह्या यंत्राला किरणनळीचा पडदाही जोडलेला होता. आकड्यांचे चित्र करून डोळ्यांपुढे मांडणे, हेच काम आजचे ग्राफिक्स कार्ड करीत असते.

फेब्रुवारी १९६० मध्ये हे यंत्र रीतसर कामास लागले आणि जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. परंतु ह्या तारखांतच स्वहस्ते बांधण्याची किंमतही लिहिलेली आहे. मुंबईत नळ्या जोडल्या जात होत्या तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते; १९५९ मध्ये आयबीएम कंपनीने ट्रान्झिस्टरवर चालणारी आपली यंत्रे बाहेर काढली. म्हणजे टिफ्रॅक जन्मास आला तोच एका पिढीने मागे पडून. १९६४ मध्ये त्याच संस्थेने अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे तयार यंत्र आणले, आणि मोठ्या गणितांची कामे तिकडे गेली.

गोष्ट येथेच संपली असती तर वडिलांचा पक्ष निर्विवाद जिंकला असता. पाच-सहा वर्षे खपून जे केले, ते चार-पाच वर्षांत निवृत्त झाले. परंतु यंत्र निवृत्त झाले तरी माणसे राहिली. नवे विलायती यंत्र आले तेव्हा, आत काय चालते हे जाणणारा वर्ग संस्थेत आधीच तयार होता. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद नरसिंहन यांच्याकडेच आले. टिफ्रॅकचा हिशेब नुसत्या गणनेच्या वेगावर मांडला तर तो तोट्याचाच निघेल. माणसे धरली तर निराळा निघतो.

दुसऱ्या मार्गाचाही हिशेब इतिहासाने मांडून ठेवला आहे. साठ व सत्तरच्या दशकांत आयबीएम भारतातील कचेऱ्यांना यंत्रे मुख्यतः भाड्याने देई. त्यांत इतर देशांत वापरून झालेली, डागडुजी केलेली १४०१ जातीची यंत्रे पुष्कळ होती. ग्राहकाला चिंता नसे. बिघाड झाला की कंपनीचा माणूस येई. मात्र १९७८ साली मालकीच्या अटींवरून सरकारशी न जमल्यामुळे कंपनीने भारतातून काढता पाय घेतला, आणि देशभर बसविलेल्या ह्या यंत्रांची देखभाल करावयाची कोणी, हा प्रश्न उभा राहिला. ते काम सीएमसी ह्या सरकारी संस्थेला अंगावर घ्यावे लागले. तयार वस्तूबरोबर निश्चिंतता मिळते हे खरे. पण ती निश्चिंतता विकणारा बाजारात असेपर्यंतच टिकते.

सामान्य माणसाच्या हाती ही निवड यावयास आणखी काही वर्षे जावी लागली. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील एका मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हे यंत्र झळकले. ते सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने कमी किमतीत आणि जुळवून तयार अधिक किमतीत, असे दोन्ही प्रकारांनी विकले जाई. पुष्कळांनी डाग देण्याची कांडी हाती धरून तो संच घरीच जोडला. खरी क्रांती मात्र १९८१ च्या ऑगस्टात झाली. आयबीएमने आपला पहिला वैयक्तिक संगणक घाईने बाजारात आणताना इतरांनी बनविलेले भाग वापरले आणि त्याची तांत्रिक मांडणीही प्रसिद्ध केली. ती पाहून इतर कंपन्यांनी तसलीच यंत्रे काढली, आणि कोणाचाही भाग कोणाच्याही पेटीत बसू लागला. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचे माप ठरविले, तेव्हापासून मदरबोर्ड, पेटी आणि पॉवर सप्लाय यांची भोके व जोडण्या परस्परांशी जुळू लागल्या. आज नवशिका मुलगा केवळ एका स्क्रू-ड्रायव्हरने संगणक उभा करू शकतो, ह्याचे श्रेय त्याच्या हुशारीपेक्षा ह्या ठरलेल्या मापांना अधिक आहे.

नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने भारतात सुट्या भागांच्या आयातीची वाट मोकळी केली. मुंबईत ह्या मालाला जागा शोधावी लागली नाही. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, रेडिओच्या व विजेच्या सुट्या भागांसाठी आधीच प्रसिद्ध होता. त्याच गाळ्यांत मदरबोर्ड आले. तेथे एक तिसरीच पद्धत रूढ झाली आणि तिला नाव पडले ‘असेंबल्ड’. गिऱ्हाइकाने भाग निवडावयाचे, दुकानदाराने जुळवून द्यावयाचे. तयार यंत्र नव्हे आणि पूर्णपणे स्वहस्ते केलेलेही नव्हे. दापोडीच्या गाडीचीच ती जात. नव्वदीनंतर महाराष्ट्रातील कितीतरी घरांत, छापखान्यांत आणि शिकवणीवर्गांत आलेला पहिला संगणक ह्याच जातीचा होता. ‘असेंबल्ड’ शब्दाला थोडी हलकेपणाची छटा चिकटली होती खरी, पण ती अन्यायाची म्हणावी लागते.

त्याच सुमारास पुण्यात हा प्रकार राष्ट्रीय पातळीवर घडला. महासंगणक परदेशातून हवा तसा मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातले विजय भटकर तिचे प्रमुख झाले. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्याचे हृदय असलेले ट्रान्सप्युटर ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे होते. ते एकत्र राबविण्याची रीत पुण्याची होती. म्हणून त्याला कोणी परका म्हटले नाही.

खेळांसाठी लागणाऱ्या यंत्राचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे, कारण निवडीचा काटा त्यावरच फिरतो. १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी येथे ‘स्पेसवॉर’ हा खेळ पीडीपी-१ यंत्रावर चालला तेव्हा यंत्र एका कामासाठी आणि खेळ त्याच्यावरचा उपरा पाहुणा, अशी स्थिती होती. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू कार्डाने आणि १९९९ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ ने ती पालटली. चित्र काढण्यासाठी निराळे कार्ड आले आणि संगणकाचे सर्वांत महाग व सर्वांत लवकर जुने होणारे अंग तेच ठरले. पत्रव्यवहार व हिशेब करणारा संगणक आठ-दहा वर्षे न उघडता चालतो. खेळणाऱ्याला चार-पाच वर्षांत कार्ड बदलण्याचा मोह होतोच, आणि नवे कार्ड बहुधा अधिक वीज मागते. अशा वेळी पेटी उघडणे भाग पडते. काही मोठ्या कंपन्यांच्या तयार यंत्रांत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्यांच्याच खास मापाचे असतात. एटीएक्सच्या बाहेरचे असे यंत्र कार्ड बदलताना अडवून धरते. शिवाय किंमत खाली ठेवण्यासाठी विक्रेता जाहिरातीत न दिसणाऱ्या जागी हात आखडतो, आणि ती जागा बहुतेक वेळा पॉवर सप्लायची असते.

स्वस्ताईचा मुलाचा युक्तिवाद मात्र सदासर्वकाळ खरा नसतो. २०२० ते २०२२ या काळात आभासी चलनाच्या हव्यासाने आणि साथीतील टंचाईने ग्राफिक्स कार्डांच्या किमती इतक्या चढल्या की, तयार संगणक घेतला तर तेच कार्ड कित्येकदा कमी दरात पदरात पडे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चिपा उचलल्या आणि सुट्या रॅमचे भाव कडाडले. दोन्ही हिशेब त्या त्या आठवड्याच्या भावाने कागदावर मांडल्यावाचून कोणताही पक्ष घेणे व्यर्थ होय. तो मांडताना विंडोज प्रणालीची किंमत सुट्या भागांच्या बाजूस धरावयास लोक हमखास विसरतात.

राहिला वडिलांचा प्रश्न. तयार यंत्राला एकच हमी असते व एकच दार ठोठवावे लागते. जुळविलेल्याला भाग तितक्या हम्या. जुळणी तीन-चार तासांची, आणि ती पाहून पाहून शिकता येते. कठीण असते ते बिघाड ओळखणे. पडदा काळा राहिला तर दोष रॅमचा, कार्डाचा की पॉवर सप्लायचा, हे ठरविण्यास लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराजवळ बदलून पाहावयास दुसरे भाग असतात. रामवाडीतल्या घरात नसतात. पेणच्या खाडीची दमट, खारट हवा, पावसाळ्यात जाणारी-येणारी वीज, आणि उबेला आत शिरणारी पाल ह्यांचाही विचार कोकणात करावा लागतो. म्हणून शहाण्या नवशिक्यास दुकानातील तिसरी वाट बरी. भाग आपण निवडावे आणि त्यांत पॉवर सप्लाय नामांकित व गरजेहून थोडा मोठा घ्यावा. जुळणी समोर उभे राहून करवून घ्यावी, मुलाने ती डोळ्यांदेखत पाहावी आणि शक्य तर शेवटचे दोन स्क्रू त्यानेच आवळावेत. यंत्र तेथेच तासभर खेळ लावून तापवून पाहावे. प्रत्येक भागाचे बिल त्यावरील क्रमांकासह आपल्या नावाने घ्यावे, आणि रिकामी खोकी कितीही अडचण झाली तरी हमीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीत. घरात मात्र कोणालाच पेटी उघडण्याची हौस नसेल, आणि मुलगा दोन वर्षांत शिक्षणासाठी बाहेरगावी जाणार असेल, तर एटीएक्स मापाचे भाग असलेले तयार यंत्र घेण्यात काहीच कमीपणा नाही.