दशांश अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप

दशांश अपूर्णांकाचे अतिसंक्षिप्त रूप म्हणजे त्याच किमतीचा असा व्यवहारी अपूर्णांक, ज्याच्या अंशाला आणि छेदाला १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. रीत छोटी आहे. चिन्हापुढे जितके अंक, तितकी शून्ये १ वर देऊन छेद मांडायचा, चिन्ह काढून उरलेली संख्या अंशात लिहायची आणि दोहोंना त्यांच्या मसाविने भागायचे. ०.६२५ म्हणजे ६२५/१०००. मसावि १२५, उत्तर ५/८. शाळेत ही भागणी उत्तर नीटनेटके करण्याची शेवटची पायरी समजली जाते, पण तिचे मोल त्याहून मोठे आहे. दहा, शंभर, हजार हे छेद केवळ लेखनपद्धतीने आलेले असतात. ते गळून गेल्यावर उरणारा छेद ती राशी मुळात कोणत्या मापाने वाटली होती, हे उघड करतो.

अकोट तालुक्यात याचा पुरावा शेताच्या बांधावरच मिळतो. ४० गुंठ्यांचा एकर. तेव्हा १५ गुंठे ०.३७५ एकर, म्हणजे ३/८. आठाचा छेद चाळिसातूनच आला. उलट एकर हेक्टरमध्ये ०.४०४७ लिहिला, तर ४०४७/१०००० पुढे तसूभरही सरकत नाही, कारण हेक्टर आणि एकर वेगवेगळ्या घराण्यांतली मापे आहेत. २०२२ मध्ये ब्रॉडगेज गाडी सुरू झालेल्या अकोला–अकोट लोहमार्गाचेही तसेच. रुळांतले अंतर १.६७६ मीटर, म्हणजे ४१९/२५०. यातला ४१९ मूळसंख्या. तेच अंतर साडेपाच फूट धरले की ११/२ होते. माप फुटांत ठरले होते, मीटरमध्ये नव्हे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तेव्हा तीन आणे खरे तर ०.१८७५ रुपये, म्हणजे ३/१६ होते. व्यवहारात त्यांचे १९ नवे पैसे झाले आणि १९/१०० मध्ये सोळाचा मागमूस राहिला नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की पूर्णांकन केलेली संख्याही योगायोगाने सुबक होते. एकर ०.४० हेक्टर धरला की २/५ येतो. हे खरे आहे. म्हणून छेदाची साक्ष दशांश नेमका असेल तरच ग्राह्य. ०.३३ चे उत्तर ३३/१०० च, १/३ नव्हे. तुलनेला दशांशच सोयीचे, हेही मान्य: ३/८ मोठा की २/५, हे ०.३७५ आणि ०.४ पाहताच कळते. पण एक गोष्ट अतिसंक्षिप्त रूपाविना ठरतच नाही. छेदात २ आणि ५ हेच मूळ अवयव असतील, तर दशांश रूप खंडित, नाहीतर अखंड आवर्ती, हा नियम त्याच रूपाला लागू आहे. ६/१५ च्या छेदात ३ असूनही तो ०.४ वर थांबतो, कारण तो २/५ आहे.

जुनी पै मात्र खरोखर थांबत नाही. रुपयाच्या १९२ पया, आणि १९२ मध्ये २ सहा वेळा व ३ एकदा. म्हणून एक पै ०.००५२०८३३३… रुपये. येथे साधी रीत चालत नाही. क्ष ही संख्या धरून तिची एक कोटी पट, ५२०८३.३३३…, आणि दहा लाख पट, ५२०८.३३३…, यांची वजाबाकी केली की आवर्ती शेपूट नाहीशी होते: ९०००००० क्ष = ४६८७५. मसाविही ४६८७५ च. भागले की पुन्हा १/१९२.