आमच्या गावात टेलिव्हिजन आला

वाचकहो, चाळिशी ओलांडलेल्या माणसांना एक खोड असते. चार जण जमले, चहाचे कप हातात आले, की कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, "काय दिवस होते ते!" आमच्या पिढीपुरते बोलायचे तर ते दिवस म्हणजे ऐंशीचे दशक. कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर, उन्हात तापत ठेवलेले सेल, कॅसेटची अडकलेली फीत पेन्सिलीने गुंडाळणे, जत्रेतला टूरिंग टॉकीजचा तंबू आणि रविवारी सकाळी टीव्हीवरचे 'रामायण'. या गप्पांत मीही कधी मागे नसतो. पण इतिहास शिकवण्याचे काम पत्करल्यापासून मला आणखी एक खोड लागली आहे. गोड आठवण कानावर आली, की विचारावेसे वाटते, "अहो, सांगणारा त्या वेळी बसला कुठे होता?" आज या एका प्रश्नाचीच हकिकत तुम्हांला सांगायची आहे.

आधी थोडा मागचा धागा पाहू. मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७३ मध्ये, सिंहगडावरून मुंबईचे कार्यक्रम पुण्याच्या बाजूला दिसू लागले. पण म्हणून खेडोपाडी टीव्ही पोचला असे मुळीच नव्हे. सत्तरचे सारे दशक खेड्यात रेडिओचेच राज्य होते. रेडिओला तेव्हा परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रंगीत चित्रही आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीला एशियाडचे सामने झाले. १९८४ च्या सुमारास देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. त्याच वर्षी ७ जुलैला 'हम लोग' ही मालिका सुरू झाली आणि २५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागर यांचे 'रामायण'. दर रविवारी सकाळी साडेनऊला. ते ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. भाग होते अठ्ठ्याहत्तर.

आता तुम्हांला आमच्या गावी घेऊन जातो. आमचे गाव नीरेच्या खोऱ्यातले, पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या शिवेवरचे. २५ जून १९८३ ला कपिलदेवच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला, तो आमच्या गावाने जिंकलेला पाहिला नाही, ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकला. गावात पहिला टीव्ही आला तो त्यानंतर, सोसायटीच्या चेअरमनांच्या वाड्यात. लाकडी पेटी, तिला दोन्ही बाजूंना सरकणारी दारे, आणि दारांना चक्क कुलूप! चित्र काळेपांढरे, पण काचेवर निळसर प्लॅस्टिकचा कागद लावलेला, त्यामुळे आम्हांला ते रंगीतच वाटे.

'रामायण' सुरू झाले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. रविवार उजाडला की अंघोळी लवकर उरकत. नऊ वाजल्यापासून वाड्याच्या सोप्यात माणसे जमू लागत. कुणी टीव्हीला हार घाली, कुणी उदबत्ती लावी. राम पडद्यावर आला की म्हाताऱ्या हात जोडत. मध्येच वीज गेली की सोप्यातून एकच कळवळा उठे. मग कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायला धावे. आणि चित्र बिघडले, पडद्यावर मुंग्या आल्या, की ओरडाआरडा सुरू होई.

"आलं का?"

"न्हाई!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं! जरा सिंहगडाकडं फिरवा!"

मी पहिल्या ओळीत मांडी घालून बसलेला असे. पुढे कितीतरी वर्षे मी हीच आठवण सांगत आलो : "सगळं गाव एका ठिकाणी बसून 'रामायण' बघायचं. लहानथोर, गरीब-श्रीमंत, सगळं एक!" ऐकणारेही माना डोलवत. कारण त्यांच्याही आठवणी अशाच होत्या.

या 'सगळं गाव' या शब्दाला पहिला तडा गेला तो २०२० साली. टाळेबंदीचे दिवस. माणसे घरात कोंडलेली. दूरदर्शनने २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मी उत्साहाने आईला हाक मारली, "आई, ये गं, तुझं 'रामायण' लागलंय." आई पदराला हात पुसत आली, खुर्चीत बसली आणि टक लावून बघू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "अगं बाई, सीता अशी दिसती व्हय!"

मी चकित झालो. म्हटले, "अगं, तू पाह्यलं होतंस की तेव्हा!"

आई हसली. म्हणाली, "मी कुठं पाह्यलं रे? मी आयकलं. आपली चूल वाड्याच्या भितीला लागून. तिकडं तुमचं चालायचं आन् हिकडं माझ्या भाकरी. सीतेला कवा बघितलं न्हाई, पर आवाज आला तर आजबी वळखीन."

वाचकहो, मनाशी जरा हिशेब करून पाहा. रविवारी सकाळी साडेनऊची वेळ. पुरुषमाणसे आणि पोरे सोप्यात. मग शेणघाण, पाणी, भाकरी, धुणे ही कामे त्या घटकेला कोण करीत होते? सोप्यात ज्या बाया असत, त्या म्हाताऱ्या असत, कामातून सुटलेल्या. माझ्या आईच्या वयाच्या सुना त्या सोप्यात मला आठवत नाहीत. आणि गंमत अशी, की त्या तिथे नाहीत हे तोपर्यंत माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

रेडिओचे तसे नव्हते. रेडिओ माणसाला हातातले काम टाकायला लावीत नाही. दळता-कांडता, गुरांना वैरण घालता घालता, रानात खुरपतासुद्धा तो ऐकता येतो. टीव्हीपुढे मात्र बसावे लागते. आणि बसायला सवड लागते. सवड ही काही गावात सर्वांना सारखी वाटलेली नव्हती. म्हणून मी म्हणतो, की टीव्ही आला तेव्हा माझ्या वाट्याला टीव्ही आला; माझ्या आईच्या वाट्याला भिंतीपलीकडचा रेडिओच आला. 'रामायण' सुरू होण्याच्या अवघे दोन महिने आधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात खेडोपाडीच्या हजारो बाया आपले प्रश्न घेऊन जमल्या होत्या. त्या दशकाचे स्मरण करताना आम्हांला टीव्ही आठवतो. चांदवड किती जणांना आठवते?

हा प्रश्न डोक्यात घेऊन मी माझ्या एका वर्गमित्राकडे गेलो. तो आमच्या शाळेत, माझ्याच बाकावर असे. घर ओढ्यापलीकडच्या वस्तीत. त्याला म्हटले, "तुला आठवतं का रे ते वाड्यातलं 'रामायण'?"

तो म्हणाला, "आठवतं की. तुला टीव्ही आठवतो. मला चपलांचा ढीग आठवतो."

मला क्षणभर उमगेना. मग त्यानेच सांगितले. वस्तीतल्या पोरांना सोप्यात यायला कुणी मनाई केली नव्हती. तसा बोर्ड कुठे लावलेला नव्हता. पण ती पोरे उंबऱ्याच्या आत येत नसत आणि कुणी त्यांना 'या' म्हणत नसे. ती दारात उभी राहत, जिथे आमच्या चपला पडलेल्या असत तिथे. पुढे उंच माणूस बसला की त्यांचा राम दिसेनासा होई. शाळेत एका बाकावर बसणारा माझा मित्र रविवारी दारात उभा राहत होता, आणि मी एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. समोर चित्र चालू असताना मागे वळतो कोण?

पण त्याचे बोलणे एवढ्यावर संपले नाही. तो म्हणाला, "तुमचा टीव्ही होता, तसा आमचा टेप होता." आणि हे अगदी खरे. त्याच दशकात कॅसेट स्वस्त झाली. टीव्हीवर काय दिसावे हे दिल्ली-मुंबईला ठरे. पण टेपवर काय वाजावे हे वस्ती स्वतः ठरवू शकत होती. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज कॅसेटवरून घरोघर गेले. चौदा एप्रिलला वस्तीत भीमगीते लागली, की ओढ्याअलीकडे आमच्या आळीतही ती ऐकू येत. म्हणजे पाहा, एकाच गावात, एकाच काळात, दोन निरनिराळी दशके नांदत होती. मध्ये फक्त एक ओढा होता.

आता तिसरा माणूस. ते माझे चुलते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. वर जो मी 'आलं का?' चा संवाद दिला, त्यातला विचारणारा आवाज तात्यांचा. वाड्याच्या माळवदावर चढून, वेळूला बांधलेला अँटेना फिरवण्याचे काम त्यांच्याकडे असे. आम्हां पोरांना त्यांचे फार कौतुक. पण धडधाकट, कमावता माणूस रविवारच काय, सगळे आठवडेच्या आठवडे गावात कसा, हे कळण्याचे ते वय नव्हते.

तात्या मुंबईला गिरणीत होते. लालबागला गाळ्यात राहायचे, खानावळीत जेवायचे. दर महिन्याला त्यांची मनीऑर्डर येई आणि तिच्यावर घराचे मीठमिरची, बियाणे आणि आमच्या पाट्या-पुस्तके चालत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही; तो लांबत गेला, विरत गेला, आणि हजारो माणसे पुन्हा कधी कामावर गेली नाहीत. सातारा, सांगली, कोकण इथल्या किती घरी पोस्टमन दारावरून पुढे जाऊ लागला असेल! तात्या एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन परतले ते कायमचेच. ऐंशीचे दशक म्हणजे आमच्या लेखी टीव्ही आला ते दशक. तात्यांच्या लेखी ते मनीऑर्डर थांबली ते दशक.

तात्या आज हयात नाहीत. पण शेवटी शेवटी एकदा मी त्यांना विचारले होते, "तात्या, तुम्ही कायम वरच. तुम्हांला बघावंसं नाही वाटलं?" ते म्हणाले, "बघायला खाली मानसं हुती की. खालनं 'आलं' म्हनून वरडलं, की आमचं काम झालं." संपाविषयी त्यांनी स्वतः होऊन कधी चकार शब्द काढला नाही. मीही विचारला नाही. ही चूक मात्र आता दुरुस्त होण्यासारखी नाही.

तर वाचकहो, 'सगळं गाव' टीव्ही बघत होते, त्यातली माझ्या अगदी जवळची तीन माणसे ही अशी : एक भिंतीआड, एक दारात, एक माळवदावर. तिघांपैकी एकालाही चित्र धड दिसत नव्हते. मग माझी आठवण खोटी का? नाही. मला झालेला आनंद खराच होता. म्हाताऱ्यांचे जोडलेले हात खरे होते. पण ती पहिल्या ओळीतल्या पोराची आठवण होती, आणि मी तिला गावाची आठवण म्हणत होतो. एकट्याची आठवण म्हणजे इतिहास नव्हे. तिच्या शेजारी दुसऱ्याची, तिसऱ्याची आठवण मांडून ताडून पाहिली, म्हणजे इतिहासाला सुरुवात होते.

शिक्षक बंधुभगिनींना यासाठी एक विनंती करतो. १९५६ साली पुणे आकाशवाणीने शेतकरी श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे त्यात होती. गावातली माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि ठरेल ते करून पाहत. नुसते ऐकून उठायचे नाही, हे त्यातले मर्म. तीच रीत आपल्या वर्गात आणता येईल. मुलांना सांगा, घरी जाऊन आजी-आजोबांना एकच प्रश्न विचारा : "गावात पहिला टीव्ही आला तेव्हा तुम्ही कुठं होता?" टीव्हीवर काय पाहिले, असे विचारू नका. 'कुठं होता' असे विचारा. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळी उत्तरे फळ्यावर लिहा. कुणी सोप्यात असेल, कुणी चुलीपाशी, कुणी ऊसतोडीच्या तळावर, कुणी मुंबईत. त्या फळ्यावर तुमच्या गावाचा जो इतिहास उमटेल, तो कुठल्याही छापील पुस्तकात सापडणार नाही. एक पैशाचाही खर्च नाही. फक्त उशीर करून चालणार नाही. ही उत्तरे देणारी माणसे पिकली पाने आहेत.

माझी आई आता 'रामायण' लागले की बघते. पण मधूनच डोळे मिटून घेते. विचारले तर म्हणते, "असंच बरं वाटतं. माझं रामायण असंच हाय."

मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवतो आणि तिच्या शेजारी जाऊन बसतो.