अंधाराचे अभय

पनवेल मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने पेणच्या दिशेने निघाले, की थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. १९६८ साली या डोंगराच्या कुशीत महाराष्ट्रातील पहिले पक्षी अभयारण्य घोषित झाले. ‘अभयारण्य’ हा शब्द आपण इतका सहज उच्चारतो, की त्यातील ‘अभय’ आपल्याला ऐकूच येत नाही. हे अभय माणसाने कागदावर दिले ते अलीकडे. त्याआधी हजारो वर्षे रानातल्या जिवाला एक अभय निसर्गानेच दिले होते. ते म्हणजे अंधार. दिवस माणसाचा आणि रात्र सावजाची, अशी ही न लिहिलेली वाटणी होती. ती कशी मोडत गेली, याचा हा थोडक्यात इतिहास.

जुन्या काळी पारध ही मुख्यतः दिवसाची होती. हाकेकरी ढोल, डबे वाजवीत रान उठवीत आणि पुढे दबा धरून बसलेला शिकारी बार काढी. हा थाट राजेरजवाड्यांचा. आपल्या रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळचे फणसाडचे रान हे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे राखीव शिकारीचे रान होते. १९८६ साली तेही अभयारण्य झाले. रात्रीची शिकार होत नसे असे नाही. परंतु तिला चंद्राची परवानगी लागे. शुक्ल पक्षात पाणवठ्याजवळच्या झाडावर मचाण बांधायचे, बंदुकीच्या नळीच्या टोकाला पांढरी चिंधी गुंडाळायची आणि श्वास रोखून बसायचे. ढग आला की शिकार संपली. अमावास्येला तर सावज निर्धास्त असे.

विजेच्या बॅटरीने या वाटणीला पहिला तडा दिला. हरिण, भेकर, बिबट्या अशा अनेक प्राण्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. अपुऱ्या प्रकाशात त्यांना दिसावे म्हणून निसर्गाने ही योजना केली. पण झोत पडताच तोच थर उलट चमकतो आणि सावजाचा ठाव सांगतो. जी देणगी रक्षणासाठी दिली होती, तीच वैरीण ठरली. गढवालातील रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेट यांनी १९२६ साली मारला, तो बंदुकीला जोडलेल्या बॅटरीच्या उजेडात. त्या बिबट्याच्या नावावर सव्वाशे माणसांचे बळी नोंदले गेले होते. गोळी सुटल्यावर काही क्षणांतच बॅटरी मंदावून विझली आणि बिबट्या मेला की नुसता जखमी झाला, हे कळण्यासाठी कॉर्बेट यांना पहाटेपर्यंत झाडावर थांबावे लागले. अंधार तेव्हाही आपला हक्क थोडाफार राखून होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जीपगाड्या खाजगी हातांत आल्या. गाडीवर मोठा दिवा बसवायचा, रानरस्त्याने हिंडायचे आणि दिपून जागच्या जागी खिळलेल्या जनावरावर गोळी झाडायची, असा प्रकार देशभर बोकाळला. यात ना रानाचे ज्ञान होते, ना पायपीट, ना धोका. १९५० आणि १९६०च्या दशकांत देशातली राने ओस पडली, त्यात या दिव्यांचा वाटा मोठा होता.

कायद्याने हा धोका ओळखला होता. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य पशू व पक्षी संरक्षणाचा कायदा झाला. पुढे १९७२चा केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्या वेळी शिकार पूर्णपणे बंद नव्हती, परवाने मिळत. परंतु परवानाधारकालाही काही बंधने होती, ती मुळातून वाचण्याजोगी आहेत. वाहनातून शिकार करू नये. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करू नये. पाणवठ्यावर तहानलेल्या जनावराला मारू नये. आणि कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करू नये. अपवाद एकच, भक्ष्यावर परतणाऱ्या हिंस्र श्वापदासाठी खास परवानगी. कायद्याची भाषा रुक्ष असते, असे आपण म्हणतो. पण या कलमामागे एक नैतिक जाणीव उभी आहे. मारणाऱ्याने मरणाऱ्याला निसटण्याची वाट ठेवली पाहिजे, ही ती जाणीव. १९९१च्या दुरुस्तीने परवान्यांची ती व्यवस्थाच रद्द झाली आणि त्याबरोबर हे कलमही गेले. आता माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेले किंवा पिकांची नासाडी करणारे जनावर यांसारख्या अपवादांपुरतीच, आणि तीही अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने, शिकार करता येते.

इकडे विज्ञान एका निराळ्याच वाटेने याच अंधाराकडे येत होते. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा अधिक चढला. यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो. प्रत्येक उबदार वस्तू असे किरण बाहेर टाकत असते. तुम्ही, मी, गोठ्यातली गाय, जाळीतला ससा, सारेच. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत सॅम्युएल लँग्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने बोलोमीटर नावाचे इतके संवेदनशील उपकरण बनवले, की पाव मैलावरच्या गायीची ऊब त्याला जाणवे, असे सांगितले जाते. १९२९ साली काल्मान तिहान्यी या हंगेरियन संशोधकाने ब्रिटनच्या विमानवेधी संरक्षणासाठी अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा तयार केला. तेव्हापासून ही विद्या बराच काळ सैन्याच्या कोठारात राहिली. आरंभीची चांगली यंत्रे अतिशय थंड ठेवावी लागत, म्हणून ती अवजड व महाग होती. अमेरिकेतील हनीवेल कंपनीने विकसित केलेले, थंड न करता चालणारे तंत्र १९९२ साली गुप्ततेतून बाहेर आले आणि मग थर्मल दुर्बीण हळूहळू हातात मावू लागली. आज अमेरिकेच्या टेक्सास राज्यात रानटी डुकरे मारण्यासाठी ती बंदुकीवर सर्रास बसवली जाते.

या दुर्बिणीचे वेगळेपण नीट समजून घेतले पाहिजे. बॅटरी प्रकाश फेकते. ही काहीच फेकत नाही, फक्त घेते. त्यामुळे सावजाला आपण हेरले गेलो याची चाहूलही लागत नाही. रानडुकराच्या डोळ्यांत तो चमकणारा थर नसतो, म्हणून बॅटरीच्या झोतात ते डोळ्यांवरून सहज सापडत नसे. थर्मल दुर्बिणीत मात्र त्याचे अंग निखाऱ्यासारखे उठून दिसते. १९७२च्या कायदेकर्त्यांनी ‘कृत्रिम प्रकाश’ हे शब्द योजले, तेव्हा प्रकाशाशिवाय पाहणारा डोळा शिकाऱ्याच्या हाती येईल, हे त्यांच्या मनात कुठून यावे?

पण हा डोळाही सर्वज्ञ नाही. दाट पानोळ्याआडचे त्याला दिसत नाही. साध्या काचेपलीकडचेही नाही. उन्हाळ्यात आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ दिवसभर तापतो आणि सूर्यास्तानंतरही कितीतरी वेळ ऊब सोडत राहतो. अशा वेळी दगड आणि देह यांतला फरक पुसट होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दूर अंतरावरून ही दुर्बीण केवळ ऊब दाखवते, ओळख दाखवत नाही. पडद्यावरचा तो पांढरा ठिपका डुकराचा, वासराचा, की शेताच्या राखणीला बसलेल्या माणसाचा, हे पाहणाऱ्यालाच ठरवावे लागते. २०२५च्या आरंभी पालघर जिल्ह्यातील मनोर परिसरात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीतील एकाने डुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली आणि त्याचा जीव गेला. ज्याला अंधारात पाहण्याची घाई आहे, त्याच्या हाती कितीही चांगले यंत्र दिले तरी ते ती घाई कमी करत नाही.

महाराष्ट्राने या यंत्राचा सर्वांत गाजलेला वापर पाहिला तो यवतमाळ जिल्ह्यात. पांढरकवडा-राळेगाव परिसरातील टी-१ ऊर्फ ‘अवनी’ या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तिला ठार करण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला. मग तिच्या शोधासाठी पायदळ पथके, हत्ती, शिकारी कुत्री, ठिकठिकाणी बांधलेले कॅमेरे, सुगंधी अत्तर आणि उष्णता टिपणारे ड्रोन अशी सारी आयुधे रानात उतरली. महिनोन्‌महिने ती सापडली नाही. अखेर २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री बोराटी गावाजवळ वाहनातून झाडलेल्या गोळीने ती पडली. मागे दहा महिन्यांची दोन पिल्ले राहिली. तिला आधी भुलीचे औषध देण्याचा खरा प्रयत्न झाला होता का, यावर वाद पेटला आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने कार्यपद्धतीवर गंभीर आक्षेप नोंदवले. जुन्या कायद्याने परवानाधारकाला नाकारलेल्या दोन गोष्टी, रात्र आणि वाहन, येथे एकत्र आल्या होत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तथापि, केवळ यंत्राला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड येथे थर्मल ड्रोनच्याच साहाय्याने बिबट्याचा ठाव लागला. भुलीचा प्रयत्न फसल्यावर त्याला गोळी घालण्यात आली. त्याआधी सुमारे तीन आठवड्यांत त्या परिसराने दोन बालके आणि एक वृद्धा गमावली होती. ज्या घरातून मूल गेले, त्या घराला अंधाराचे माहात्म्य सांगायला जाण्याचे धैर्य कोणत्या लेखकाला होईल? तेथे त्या यंत्राने गावाला पुन्हा रात्रीची झोप दिली, हेही तितकेच खरे.

येथे चर्चच्या कायद्यातील एक जुनी तरतूद आठवते. १९१७च्या धर्मविधीसंहितेच्या १३८व्या नियमात धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये असे सांगून, गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये, असे बजावले होते. कुत्री, घोडे, रणशिंगे यांच्या थाटाची ती शिकार. शांत शिकारीकडे भाष्यकार थोड्या सौम्य नजरेने पाहत. १९८३च्या नव्या संहितेत शिकारीचा वेगळा उल्लेख उरला नाही. सेमिनरीत हा भेद शिकताना तो आम्हाला सरळ वाटला होता. आज वाटते, तो उलटा झाला आहे. गाजावाजात निदान सावजाला पळण्याचा इशारा मिळत असे. आजची सर्वांत निर्दय शिकार ही सर्वांत शांत आहे. तिला हाका नाही, उजेड नाही, पावलांचा आवाजही नाही.

मग या डोळ्याचे करायचे काय? उत्तर बहुधा मचाणानेच देऊन ठेवले आहे. वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत पाणवठ्यांजवळ माणसे मचाणावर बसतात. मचाण तेच, चांदणे तेच, पाणवठ्यावर येणारे तहानलेले जनावरही तेच. फरक इतकाच, की बसणाऱ्याच्या हाती बंदुकीऐवजी वही असते. शिकाऱ्याचे आसन साक्षीदाराचे झाले. कॉर्बेट यांनीही पुढे बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक जवळचा मानला. थर्मल दुर्बिणीलाही हीच वाट मोकळी आहे. तिने चोरटा शिकारी हेरता येतो, जखमी जनावर शोधता येते, गावाच्या वेशीवर आलेला बिबट्या वेळीच दिसतो आणि माणूस व श्वापद दोघेही वाचू शकतात.

पनवेल परिसरात आता रात्र फारशी उरलेली नाही. महामार्गाचे दिवे, वाढलेले शहर आणि २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ यांनी आकाश उजळून टाकले आहे. कर्नाळ्याच्या उतारावर मात्र सूर्य बुडाल्यावर अजूनही काळोख दाटतो. त्या काळोखात एखादे भेकर कान टवकारून उभे असते. आपण त्याला पाहू शकतो, हे आता त्याच्या हाती राहिलेले नाही. पाहिल्यानंतर काय करायचे, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. अंधाराने दिलेले अभय आपण काढून घेतले; तेवढेच अभय परत देण्याची जबाबदारीही मग आपलीच ठरते.