मोटारीचे डोळे

पणत्यांच्या सणात मोटारीच्या दिव्याची कथा सांगितली तर वाचक हसतील. पण तोही दिवाच! पूर्वी मोटारींना ॲसिटिलीनचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकायचे, वायू निघायचा, तो पेटवायचा. 1912 साली कॅडिलॅकने विजेचे दिवे नि विजेचा स्टार्टर एकदमच दिले.

पण बल्बालाही म्हातारपण असे. टंगस्टनच्या तारेची वाफ काचेवर बसे आणि काच काजळलेल्या कंदिलासारखी मंदावे. अमेरिकेने 1940 पासून सीलबंद दिवा धरला. तार गेली की काचेसकट अख्खा दिवाच बदला! युरोपात 1962 साली हॅलोजनचा एच-1 आला. त्यातला हॅलोजन उडालेले टंगस्टन पुन्हा तारेवर आणून सोडतो, काच स्वच्छ राहते. मला तर ही घरवापसी फार आवडते. 1971 च्या एच-4 मध्ये लांबच्या नि जवळच्या प्रकाशाच्या दोन तारा एकाच बल्बात नांदू लागल्या.

1991 साली बीएमडब्ल्यूत झेनॉन आला. त्यात तारच नाही. कमी विजेत हॅलोजनच्या सुमारे दुप्पट उजेड.

समोरच्याच्या डोळ्यांचे काय? एकदा घाटात अशाच पांढऱ्या झोताने आम्ही दिपलो. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तेव्हा कडेने चाललेला म्हातारा हातभर अंतरावर होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता तो पुढे चालू लागला.