अंगणातले बांबू

हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 साली सुरू झाली. कृत्रिम अवयव, कॅलिपर, व्यायामोपचार असं सगळं तिथे एका छताखाली मिळू लागलं. पण खेड्यातल्या पोलिओ झालेल्या मुलाला तिथवर न्यायचं, तर एसटीचं भाडं, बुडणारी मजुरी आणि मुंबईत राहण्याची सोय, हे सगळं कुठून आणायचं? शिवाय गावी परतल्यावर व्यायाम सुटले की गुडघा पुन्हा आखडणारच.

ही अडचण बहुतेक गरीब देशांची होती. 1978 च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेत पुनर्वसनालाही जागा दिली आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एक हस्तपुस्तिका प्रयोगासाठी काढली. स्वीडनचे डॉक्टर आयनार हेलँडर, श्रीलंकेच्या फिजिओथेरपिस्ट पद्मनी मेंडिस आणि गुनेल नेल्सन हे तिचे लेखक.

त्यांचं धाडस असं, की तज्ज्ञांच्या हातातली विद्या त्यांनी घरच्या माणसाच्या हाती दिली. कूस बदलता न येणाऱ्याला किती वेळाने वळवायचं म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत, आखडलेला सांधा हळूहळू कसा सोडवायचा, जेवू कसं घालायचं, हे सगळं साध्या भाषेत, चित्रं काढून सांगितलं. चालण्याच्या सरावासाठी दवाखान्यातल्या चकचकीत नळ्या हव्यात असं नाही. अंगणात कमरेएवढ्या उंचीवर दोन आडवे बांबू पक्के बांधले तरी काम होतं. गावातलाच एक प्रशिक्षित कार्यकर्ता अधूनमधून येऊन बघून जाई. बोट्स्वाना, मेक्सिको, भारत अशा देशांत तपासून सुधारलेल्या 1989 च्या आवृत्तीत 30 प्रशिक्षण-पुस्तिका होत्या. शाळेच्या शिक्षकांसाठी वेगळी मार्गदर्शिका होती.

तरी एक मोठी उणीव राहिली. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्यांच्या हाती सूत्रं नव्हती. मेक्सिकोच्या डोंगरातल्या आहोया गावात 1981 च्या सुमारास सुरू झालेल्या ‘प्रोहिमो’ने ती भरून काढली. तिथे चाकाच्या खुर्च्या आणि कॅलिपर बनवणारे, मुलांचे व्यायाम घेणारे बहुतेक जण स्वतःच अपंग होते. प्रकल्पाचे प्रेरक डेव्हिड वर्नर यांना लहानपणापासून स्नायू दुबळे करणारा आजार होता. तिथल्या अनुभवावरचं त्यांचं पुस्तक 1987 मध्ये आलं आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ते जवळ बाळगलं. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह तीन आंतरराष्ट्रीय संस्थांच्या संयुक्त निवेदनाने मानवी हक्कांवर आणि अपंगांच्या संघटनांच्या सहभागावर भर दिला. हे आधीच व्हायला हवं होतं.

दुसरी उणीव मात्र अजून तशीच आहे. पुस्तिकेतली ‘घरची व्यक्ती’ म्हणजे बहुतेक घरांत आई किंवा बायको. स्वयंपाक, पाणी, शेत सांभाळून ती हे व्यायाम घेते आणि तिचे तास कुणीच मोजत नाही. घरोघरी पुनर्वसन पोचवण्याच्या योजना आखणाऱ्यांनी खर्चाच्या तक्त्यात पहिली ओळ तिच्या वेळेची लिहावी.