चवदार तळ्याचा खटला आणि दोन साधे प्रश्न

आम्हा पत्रकारांकडे रोज कुणी ना कुणी अर्ज घेऊन येतं. रस्ता अडवलाय, सार्वजनिक विहिरीला कुलूप लावलंय. दहा-दहा पानं लिहिलेली, पण मुद्दा शोधावा लागतो. अशा वेळी मी त्यांना महाडचा खटला सांगतो.

२० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी घेतलं, हे शाळेपासून आपल्याला माहीत आहे. पुढची दहा वर्षं कोर्टात काय झालं, ते फारसं कुणी सांगत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर काही सवर्णांनी दिवाणी दावा लावला. म्हणणं काय, तर तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथं पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली. बाबासाहेबांनी ती पाळली आणि खटला लढवला.

समतेवर ते सभेत बोललेच होते. कोर्टात वाद दोन प्रश्नांवर आला. तळं कुणाचं? नगरपालिकेचं. आणि वहिवाट अनादी म्हणता, तर पुरावा काय? जो वहिवाट सांगतो, त्यानेच ती शाबीत करायची. 'आमच्या आज्यापासून असंच चालतं' एवढ्यावर अनादीपण ठरत नाही.

८ जून १९३१ ला दावा फेटाळला गेला. अपीलही गेलं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानेही तेच म्हटलं: वहिवाट शाबीत झालेली नाही. निकाल देणारे न्या. ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती, तेच.

एक गोष्ट मात्र विसरू नका. अशी वहिवाट मुळातच अन्यायाची आहे का, हे ठरवायची वेळ हायकोर्टावर आलीच नाही. अस्पृश्यता बेकायदा ठरली ती संविधानाच्या कलम १७ ने. म्हणजे खटला नेमक्या मुद्द्यावर जिंकता येतो, पण चुकीची रीत मोडायला कायदाच लागतो.

म्हणून पुढचा अर्ज लिहिताना पहिल्याच पानावर दोन ओळी लिहा. जागा कुणाच्या नावावर आहे? आणि अडवणाऱ्याकडे कुठला कागद आहे? बाकीचं नंतर.